पहिला योयो धातूचा नको, बेअरिंगचा प्लास्टिक योयो घ्या

मागच्या मे महिन्यात सांगलीच्या आमराईत एक मुलगा माझ्यापाशी आला. मामानं वाढदिवसाला दिलेला निळाशार ॲल्युमिनियमचा योयो हातात आणि डोळ्यांत पाणी. "काका, हा वरच येत नाही. खाली जातो आणि तिथंच फिरत बसतो." मी योयो उघडून बघितला. बेअरिंग उत्तम होतं, आस सरळ होता, बिघाड काहीच नव्हता. तो योयो मुळात ओढल्यावर परत न येणाऱ्या जातीचा होता आणि हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शिवाय तीन दिवसांत तो दोनदा शहाबादी फरशीवर आपटला होता. कडेला पडलेल्या खाचेचा कंगोरा इतका धारदार झाला होता की बोट फिरवलं तर ओरखडा उठावा. मी त्याला माझ्या पिशवीतला पिवळा प्लास्टिकचा योयो दिला. अर्ध्या तासात तो फेकून, दोन-तीन सेकंद खाली फिरवून, झटका देऊन परत हातात घ्यायला लागला.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझं साच्यांचं काम आहे. प्लास्टिकचे भाग कसे ओतले जातात आणि ॲल्युमिनियमचे लेथवर कसे कातले जातात, हे दोन्ही रोज बघतो. रविवारी सकाळी आमराईत आठ-दहा मुलं योयोसाठी जमतात. मुलांचे आईवडील विचारतात तो प्रश्न एकच असतो: "घ्यायचाच तर चांगला घेऊ, धातूचा घेऊ का?" त्याचं सविस्तर उत्तर इथं लिहितो आहे.

बेअरिंगची करामत धातूच्या नावावर

आपल्याकडे पूर्वीपासून चकरी होती, म्हणजे दोरीवर खालीवर खेळवायचा जुना योयोच. १७७०च्या सुमाराचं बुंदी-कोटा शैलीतलं एक चित्र आहे, त्यात एक स्त्री हातात चकरी खेळवते आहे. पण दोरी आसाला घट्ट बांधलेली असली की चकरी खाली गेली तशी वर येते, खाली थांबून फिरत राहत नाही. फिलिपिन्समधून अमेरिकेत गेलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी १९२८ मध्ये कॅलिफोर्नियात योयोचा कारखाना काढला. त्यांच्या योयोत दोरी आसाला बांधलेली नव्हती, नुसती फासासारखी अडकवलेली होती. त्यामुळे योयो दोरीच्या टोकाला फिरत राहू लागला. पुढचे सगळे खेळ या एका गोष्टीतून निघाले.

दुसरा मोठा बदल म्हणजे बॉल बेअरिंग, आस आणि दोरी यांच्यामध्ये बसणारी, आत गोळ्या असलेली कडी. सॅन फ्रान्सिस्कोतले दंतवैद्य टॉम कून यांचा एसबी-२ हा योयो १९९०चा. तो ॲल्युमिनियमचाही होता आणि बेअरिंगचाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या, म्हणून पुष्कळांच्या मनात समीकरण बसलं की जास्त वेळ फिरायचं तर धातूच हवा. खरं तर लाकडी आसावर काही सेकंद फिरणारा योयो मिनिटभराच्या पुढं जातो तो मुख्यतः बेअरिंगमुळे. तेच बेअरिंग प्लास्टिकच्या अंगात बसवलं तरी ते तितकंच गुळगुळीत फिरतं.

मग धातूचा फायदा काहीच नाही का? आहे. ॲल्युमिनियमची घनता घनसेंटिमीटरला साधारण २.७ ग्रॅम, पॉलिकार्बोनेटची १.२. धातू निम्म्याहून कमी जागेत तेवढंच वजन देतो, त्यामुळे मधला भाग पातळ कातून सगळं वजन कडेला नेता येतं. कुंभाराचं चाक कडेला जड असतं म्हणून एकदा फिरवलं की फिरत राहतं, तसंच हे. कडेला वजन असलेला योयो जास्त वेळ फिरतो आणि दोरीला घासला तरी लवकर तिरका होत नाही. प्लास्टिकमध्ये भिंती जाड ठेवाव्या लागतात, म्हणून वजन थोडं आत राहतं. एका फेकीत दहा-बारा गुंतागुंतीच्या हालचाली करणाऱ्याला हा फरक जाणवतो. तुमच्या मुलाला पहिली दोन वर्षं जाणवणार नाही. तोवर त्याची फेक सरळ जाते की नाही, हाच प्रश्न असतो.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. एका मित्राला हौस म्हणून त्याच्या लेथवर ॲल्युमिनियमच्या रॉडचा योयो करून बघायचा होता. एक बाजू कातली, जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, उलटा धरला, दुसरी बाजू कातली. दिसायला देखणा झाला. फेकला तर हातात असा थरथरला की दोरी बोटात रुतली. लेथवर जॉब पकडणाऱ्या तीन जबड्यांच्या चकमध्ये तो उलटा धरला की मध्य मिलिमीटरच्या काही शतांशांनी सरकतो, आणि एवढंसं सरकणंही योयोला पुरतं. चांगला धातूचा योयो महाग असतो तो यामुळं: प्रत्येक अर्धा भाग मशीनवर स्वतंत्र कातायचा, मध्य राखायचा, तपासायचा, नको तो बाजूला काढायचा. स्वस्तातल्या धातूच्या योयोत नेमकी हीच मेहनत वाचवलेली असते. साच्याचं तसं नाही. पॉलिकार्बोनेट थंड होताना अर्धा ते पाऊण टक्का आकसतं, तेवढा हिशोब धरून साचा एकदा नीट केला की हजारावा भागही पहिल्यासारखा निघतो. म्हणून सारख्याच पैशात प्लास्टिकचा योयो बहुतेक वेळा धातूच्यापेक्षा सरळ फिरतो. स्वस्त धातू आणि चांगलं प्लास्टिक यांची किंमत अनेकदा एकच असते. फसगत होते ती तिथं.

काय खेळायचंय ते आधी ठरवा

योयोचे आकार ढोबळमानाने दोन. एक जुना, बाहेरून फुगीर आणि दोरीची फट अरुंद. योयो समोर फेकून पुन्हा पुन्हा फिरवत राहायचा, ज्याला लूपिंग म्हणतात, त्यासाठी हा. दुसरा फुलपाखरी: दोन्ही अर्धे भाग पाठीला पाठ लावल्यासारखे, मध्ये इंग्रजी 'व्ही'सारखी उघडी फट. दोरीवर योयो झेलायचा, पाळणा करायचा, मनोरे रचायचे, त्यासाठी हा.

एकच योयो घ्यायचा असेल तर फुलपाखरी घ्या. त्यावर कुत्रा फिरवणे (योयो जमिनीवर चालवणे), पाळणा (दोरीच्या त्रिकोणात योयो झुलवणे), जगप्रदक्षिणा (योयो मोठ्या वर्तुळात फिरवणे) हे सुरुवातीचे खेळ होतात आणि पुढे दोरीवरचे सगळे खेळ होतात. लूपिंग मात्र त्यावर धड होत नाही, हे सांगून ठेवतो. कुणी एकाच योयोत सगळं होतं म्हणाला तर विश्वास ठेवू नका. लूपिंगची आवड लागलीच तर त्यासाठी वेगळा योयो घ्यावा लागेल, आणि तोही प्लास्टिकचाच. दोन्ही हातांत दोन योयो घेऊन लूपिंग करणारे जागतिक स्पर्धेतले खेळाडूही प्लास्टिकच वापरतात. दोरीला न बांधता योयो हवेत उडवून झेलायचा जो प्रकार आहे, त्यातही प्लास्टिकच चालतं. आकाराने मोठा आणि वजनाने हलका योयो धातूत करणं अवघड असतं.

बेअरिंगचं माप

विकत घेताना सगळ्यात आधी हे विचारा. तुम्हाला हवं ते 'सी' मापाचं: आतला व्यास ६.३५ मिमी, बाहेरचा १२.७ मिमी, रुंदी ४.७६ मिमी. बेअरिंगच्या व्यापारात याच मापाला आर १८८ म्हणतात. योयोबरोबर आलेलं बेअरिंग हरवलं किंवा गंजलं तर औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात 'आर १८८, झाकणाचं' असं सांगून मागवता येतं. मी स्वतः दोनदा मागवलं आहे आणि चाललं आहे. झाकण नसलेलं मात्र मागवू नका, त्याची रुंदी कमी असते.

काही प्लास्टिक योयोंच्या डब्यात दोन बेअरिंग येतात, एक अरुंद आणि एक पूर्ण रुंदीचं. असा मिळाला तर डोळे झाकून तोच घ्या. अरुंद बेअरिंग बसवलं की दोन्ही अर्धे भाग जवळ येतात, फट लहान होते, दोरी आतल्या रबरी चकत्यांना चटकन पकडते आणि योयो झटक्यासरशी वर येतो. याला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात. रुंद बेअरिंग बसवलं की फट चार-साडेचार मिमीपर्यंत उघडते, दोरी मोकळी राहते आणि योयो झटक्याला दाद देत नाही. तो अनरिस्पॉन्सिव्ह. आमराईतल्या त्या मुलाकडे होता तो हा. धातूचे बहुतेक योयो पहिल्यापासून असेच असतात. दोन बेअरिंगच्या प्लास्टिक योयोत मात्र मूल पहिलीपासून दहावीपर्यंत त्याच शाळेत शिकतं, शाळा बदलावी लागत नाही.

'आपोआप परत येणारा' असं लिहिलेला क्लचचा योयो नको. वेग कमी झाला की आतल्या स्प्रिंगचे चिमटे आस पकडतात आणि योयो वर येतो. पहिल्या दिवशी मजा वाटते, पण कधी वर बोलवायचं हे खेळणाऱ्याच्या हातात राहत नाही.

हातात घेऊन काय बघायचं

पेटीवर 'पॉलिकार्बोनेट' असा शब्द शोधा. हेल्मेटच्या काचा आणि कारखान्यातले सुरक्षा चष्मे ज्याचे असतात ते हेच. आपटलं तर ओरखडतं, सहसा फुटत नाही. नुसतं 'प्लास्टिक' लिहिलेलं स्वस्तातलं खेळणं बहुधा ठिसूळ असतं. टेबलावर हळूच टेकवलं तर त्याचा आवाज पोकळ आणि टणटणीत येतो. पॉलिकार्बोनेटचा बसका येतो.

मग योयो पिळून उघडा. दुकानदार नाही म्हणाला तर ऑनलाइन मागवून घरी उघडा आणि परत करायची मुदत हातची जाऊ देऊ नका. आत आसाचे आटे कशात आहेत ते बघा. प्लास्टिकमध्येच आटे पाडलेले असतील तर ते महिन्या-दोन महिन्यांत झिजतात. पितळी किंवा पोलादी नट बसवलेला हवा. आस बाहेर काढून काचेवर गडगडवा. डुगडुगला तर वाकडा आहे. पारदर्शक योयो असेल तर उजेडासमोर धरून मधल्या खांबाभोवती केसासारखी चीर नाही ना ते पाहा. कडेला साच्याच्या जोडाची बारीक रेघ असते, ती चालते, पण नखाला अडकणारी चोच नको.

वजन आणि मापं: व्यास ५५ ते ५७ मिमी, रुंदी ४० ते ४४ मिमी, वजन ६२ ते ६८ ग्रॅम या आसपासचा योयो मोठ्या मुलांना आणि मोठ्या माणसांना बरोबर बसतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला साठच्या जवळचा द्या. दोन अर्ध्या भागांचं वजन वेगवेगळं करून बघता आलं तर फार उत्तम. आमच्या गटातल्या एका मुलीचे वडील सराफी व्यवसायात आहेत. त्यांच्या काट्यावर आम्ही सगळ्यांचे योयो अर्धे-अर्धे तोलले. ज्याच्या दोन भागांत जास्त फरक निघाला तोच हातात जास्त थरथरत होता.

चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. लहान मुलासाठी घेताना ते चिन्ह बघाच. परदेशी योयो इतका महाग का, याचं एक कारण आयात कर. खेळण्यांवरचा हा कर २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाला आणि २०२३ मध्ये ७० टक्के. मूळ किंमतच जास्त असलेल्या धातूच्या योयोला हा भार जास्त जाणवतो. प्लास्टिकचा योयो घेऊन वाचलेल्या पैशात वर्षभराच्या दोऱ्या येतात. दोरी स्वस्त असते, पण ती सतत लागते.

दोरी

बेअरिंगच्या योयोला पॉलिएस्टरची दोरी लावा. योयो जमिनीवर ठेवून दोरी सरळ वर धरा. ती खेळणाऱ्याच्या बेंबीपर्यंत यावी. तिथं खूण करा, वर तीन-चार बोटं राखून कापा आणि बोटाचा फास बांधा. वाढत्या वयाच्या मुलाची उंची दर सहा महिन्यांनी पुन्हा मापा. दोरी लांब राहिली तर योयो फरशीवर आपटतो आणि पालक योयोला दोष देतात.

योयोकडच्या टोकाला गाठ नसते. तिथं दोरी दोन पेडांची असते. टोक चिमटीत धरून पिळाच्या उलट दिशेनं फिरवलं की पेड सुटे होतात आणि आपोआप एक फास उघडतो. तो फास बेअरिंगवर चढवा आणि योयो पिळून बंद करा. बोटाच्या बाजूला सरकफास करून तो मधल्या बोटात पहिल्या आणि दुसऱ्या पेराच्या मध्ये घाला. बोटाच्या मुळाशी घातला तर झटका मनगटापर्यंत पोचत नाही आणि बोट काळंनिळं पडतं.

दोरी घरी करता येते. शिंप्याकडचा पॉलिएस्टर दोऱ्याचा कोन घ्या. दोन खिळ्यांमध्ये साडेतीन मीटर अंतर ठेवून दोऱ्याचे आठ पदर ताणून घ्या. एक टोक खिळ्याला ठेवून दुसरं ड्रिलमध्ये लावलेल्या आकड्यात अडकवा आणि लांबी साधारण दहावा हिस्सा कमी होईपर्यंत पीळ भरा. मग मधोमध बोट लावून दोरी दुमडा, दोन्ही टोकं एकत्र धरा आणि बोट हळूच सोडा. चऱ्हाट वळताना पेड जसे एकमेकांवर चढतात तसे दोन्ही पदर आपोआप वळले जातात, आणि दुमडीच्या जागी बेअरिंगचा फास तयार होतो. पहिल्या चार-पाच दोऱ्या वाकड्यातिकड्या होतात. त्यानंतर हात बसतो. मुलांना या कामात गोडी वाटते, योयोपेक्षा काहींना हेच जास्त आवडतं.

दोरीचे धागे सुटलेले दिसले की लगेच बदला. फाटत आलेली दोरी तुटते ती नेमकी पूर्ण वेगात, आणि मग योयो कुणाच्या तोंडावर जाईल सांगता येत नाही. इथंही प्लास्टिकच्या बाबतीत काळजीचं कारण कमी. लागतं ते लागतंच, पण धातूच्या खाच पडलेल्या कडेनं जसं कापतं तसं कापत नाही.

पहिले पंधरा दिवस

अरुंद बेअरिंग बसवा. दोनपैकी एकच आणि तेही रुंद आलं असेल तर त्यात जाडसर ग्रीसचा मोहरीएवढा ठिपका घाला. फिरणं जड होतं आणि योयो परत यायला लागतो. महिन्याभरात ग्रीस पसरून योयो आपोआप मोकळा होत जातो, तोवर हातही तयार होतो.

फेकताना तळहात आकाशाकडे, योयो बोटांच्या टोकांवरून सुटला पाहिजे, कोपर खांद्याच्या उंचीवरून खाली. खाली गेल्यावर तो सरळ फिरतोय की तिरका, हे बघा. तिरका असेल तर सुटताना मनगट वळलंय. इथं घाई करू नका. ज्याला भोवरा येतो त्याला हे पटकन कळतं. जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, ओढताना हात वळला तर भोवरा आरीवर उभा राहत नाही, आडवा पडतो. माझ्या गटातली जी मुलं खेड्याकडून येतात आणि हातजाळी घेऊ शकतात, म्हणजे भोवरा वरच्यावर तळहातावर झेलतात, ती दोन दिवसांत सरळ फेकायला लागतात. शहरातल्या मुलांना आठवडा लागतो.

पंख्याखाली उभं राहू नका. पुढं, मागं आणि वर हातभर नव्हे, दोन हात जागा मोकळी हवी. घराचा सज्जा यासाठी चांगला नाही, पार किंवा मैदान चांगलं. घाटाच्या पायऱ्यांवर तर मुळीच नको, दगडाला कडा असतात.

रोज वीस मिनिटं पुरे. योयो सलग दहा वेळा सरळ फिरून हातात आला की पाळण्याकडे जा. त्याच्या आधी नको.

रुंद बेअरिंगवर जाताना

हा टप्पा सगळ्यात अवघड आणि इथंच बहुतेक मुलं योयो कपाटात टाकतात. रुंद बेअरिंग बसवल्यावर योयो झटक्यानं परत येत नाही. त्याला बांधून आणावं लागतं. याला बाइंड म्हणतात. तत्त्व सोपं आहे. फिरणाऱ्या योयोच्या फटीत एकाऐवजी दोन-तीन पदर दोरी एकाच वेळी सरकवली की ते पदर दोन्ही बाजूंच्या रबरी चकत्यांना घासतात, योयो दोरी गिळतो आणि वर येतो.

करायचं असं: योयो खाली फिरत असताना डाव्या हाताचं बोट दोरीला आडवं लावा, योयो खालून वळवून दोरीवर बसवा. आता डाव्या चिमटीतली दोरी योयोच्या वर सैल करून तिची छोटी दुहेरी घडी फटीत जाऊ द्या, आणि सैलावा संपेपर्यंत हात स्थिर ठेवा. घडी फिरण्याच्या दिशेनं आत गेली तर योयो ती ओढून घेतो. उलट गेली तर बाहेर टाकतो. टाकली तर दोरीची बाजू बदलून बघा, जास्त जोर लावून उपयोग नाही. मी शिकवताना आधी योयो न फेकता, हातानं हळू फिरवून ही घडी आत जाताना दाखवतो. एकदा डोळ्यांनी दिसलं की हाताला कळतं.

याच काळात योयो वीस-वीस वेळा जमिनीवर पडतो. धातूचा असता तर प्रत्येक पडण्यागणिक जीव खालीवर झाला असता. प्लास्टिकवरचा ओरखडा ६०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरनं दोन मिनिटांत जातो. पडायची भीती नसलेलं मूल हात मोकळा ठेवून फेकतं, आणि माझ्या दृष्टीनं प्लास्टिक घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

थरथर कमी करणं

नव्या योयोतही थोडी थरथर असते. योयो उघडा, एक अर्धा भाग आसावरून पाव वळण पुढं घ्या, बंद करा, फेकून बघा. पुन्हा पाव वळण. चार-पाच जागांपैकी एकीत तो अचानक शांत होतो. तिथं स्केचपेननं दोन्ही भागांवर खूण करून ठेवा. मिरजेत तानपुऱ्याची जवारी लावताना तारेखालचा दोरा केसभर सरकवतात आणि सूर उघडतो, तो सरकवणाऱ्याचा संयम इथंही लागतो.

बंद करताना फक्त बोटांचा जोर लावा. प्लास्टिकचा योयो पान्यानं आवळला तर नटाभोवतीचा खांब चिरतो, आणि ती चीर भरून निघत नाही. घट्ट राहावा म्हणून आट्यांना लावायचा जो द्रव मिळतो तोही नको. त्यानं पॉलिकार्बोनेटला आतून चिरा पडतात.

निगा

गळिताच्या हंगामात आपल्याकडे हवेत काजळी असते, बाजारपेठेजवळ राहणाऱ्यांकडे हळदीची भुकटी. दोन्ही बेअरिंगमध्ये जातात. बेअरिंग खरखरायला लागलं की ते अंगातून बाहेर काढा, झाकणाची रिंग टाचणीनं उचला, आणि छोट्या काचेच्या बाटलीत पेट्रोल घेऊन त्यात खळखळवा. हे काम मोठ्यांनी, उघड्यावर आणि स्वयंपाकघरापासून लांब करायचं. वाळल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा अर्धा थेंब घाला. बेअरिंग बाहेर काढूनच धुवायचं यावर माझा फार भर आहे. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन पॉलिकार्बोनेटच्या अंगाला लागलं की ते पांढरं पडून चिरतं. अंग पुसायला साबणाचं पाणी आणि मऊ कापड पुरे.

रबरी चकत्या झिजल्या की बाइंड निसटायला लागतो. नव्या चकत्या मिळाल्या नाहीत तर वाहनांच्या सुट्या भागांच्या दुकानात गॅस्केटसाठीचं सिलिकॉन मिळतं. जुनी चकती टाचणीनं उचला, खोबण साबणानं धुऊन पूर्ण वाळवा, सिलिकॉन भरून जुन्या एटीएम कार्डानं सपाट करा आणि चोवीस तास हात लावू नका. सिलिकॉन 'न्यूट्रल' प्रकारचं घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते पॉलिकार्बोनेटला चांगलं नाही. सपाट भरलं तर योयो मोकळा राहतो, किंचित उंच ठेवलं तर रिस्पॉन्सिव्ह होतो. म्हणजे दुसरं बेअरिंग हरवलं तरी हा मार्ग आहे.

पावसाळ्यात योयो खेळून झाला की दोरी काढून ठेवा. ओली दोरी बेअरिंगला गंज चढवते. आणि मोटारसायकलच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीच्या काचेपाशी योयो विसरू नका.

मग धातूचा कधी?

मला मुलांनी हे विचारलं की मी तीन गोष्टी करून दाखवायला सांगतो. दहापैकी नऊ फेकी सरळ. न बघता बाइंड. आणि एका फेकीत सलग चार प्रकार करून योयो अजून फिरत असला पाहिजे. हे जमतं आणि योयोचा वेग कमी पडतोय म्हणून पाचवा प्रकार अडतो, तेव्हा धातूच्या योयोचा उपयोग होईल. हात कमी पडतोय म्हणून अडत असेल तर होणार नाही. माझ्या गटात आत्ता अशी एकच मुलगी आहे, विश्रामबागेतून येते, अकरावीत शिकते. तिनं पैसे साठवून धातूचा योयो घेतला, आणि नवा प्रकार शिकताना मात्र अजूनही आधी जुना हिरवा प्लास्टिकचाच काढते. तो निळा योयो घेऊन आलेला मुलगा गेल्या आठवड्यात बाइंड शिकला. त्याच्या धातूच्या योयोची कड मी कारखान्यात बारीक कानसून गुळगुळीत करून दिली आहे. तो सध्या त्याच्या आईच्या कपाटात आहे, आणि दिवाळीला बाहेर काढायचा असं त्या दोघांचं ठरलं आहे.